ईटच्या पोरी, मॅट आणि अण्णांचा नांगर

शैलाचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. शैला म्हणजे माझी डी.एड.ची मैत्रीण. डी.एड. करून मी पुण्यात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसले आणि ती मात्र खरोखरीची शिक्षिका झाली, धाराशिव जिल्ह्यातल्या ईट गावात. शाळा सुटल्यावर ती गावातल्या मोठ्या मुलींचा खो-खोचा संघ चालवते. फोनवर तिचं पहिलं वाक्य आलं, "मेधे, आम्ही बाद फेरीत!"

माझ्या कानांनी फक्त 'बाद' ऐकलं. मी म्हटलं, "अगंबाई, असू दे. पुढच्या वर्षी बघू."

त्यानंतर मास्तरणीची जी काही बोलणी खाल्ली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. तर माझ्यासारख्या अडाण्यांसाठी सांगते. स्पर्धेत आधी साखळी सामने होतात, त्यात एखादा हरला तरी चालतो. त्यातून वर आलेले आठ संघ बाद फेरीत जातात, आणि तिथं हरलं की गाशा गुंडाळायचा. ईटच्या मुली जिल्ह्याच्या स्पर्धेत आठांत पहिल्यांदाच आल्या होत्या. रविवारी सकाळी धाराशिवला त्यांचा सामना होता.

"आणि हे बघ," शैला म्हणाली, "अण्णांनी पैज लावलीय. ती तू इथं येऊनच ऐक."

तुळजापूरला जायचं माझं चार वर्षं नुसतं चाललं होतं. म्हटलं, देवीही होईल आणि शैलाही. भेंडी फोडणीला टाकली आणि दवाखान्यात शुक्रवार-शनिवारची सुट्टी मागितली.

शुक्रवार: पुणे ते ईट

पुण्याहून ईटला थेट गाडी मिळाली तर नशीब समजा. नाहीतर मी केलं तसं करा. अहिल्यानगरमार्गे जामखेडपर्यंत या, तिथून खर्डा, आणि खर्ड्याहून पुढची गाडी पकडा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिशाला झळ नाही. कंबरेला आहे. जामखेडला चहा पिऊन घ्या, कारण पुढं गाडी कुठं किती थांबेल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. खर्ड्याला खिडकीतून किल्ला दिसतो. त्याच्यापुढं थोडं गेलं की माणसांचं बोलणं बदलतं. माझ्या शेजारच्या मावशींनी मला विचारलं, "कुठं जायलाव?" आणि मला कळलं की मी मराठवाड्यात शिरले.

मार्चचे दिवस. ज्वारी काढून शेतात पेंढ्या उभ्या केलेल्या, ऊन चांगलंच लागायला लागलेलं. ईटला उतरले तर शैला स्कूटीवर न्यायला आलेली, गळ्यात शिट्टी. घरी नेण्याआधी तिनं मला खव्याच्या भट्टीवर नेलं. भूम तालुका म्हणजे दुधाचा आणि खव्याचा मुलूख. मोठ्या कढईत दूध आटत असतं आणि एक माणूस न थांबता उलथणं फिरवत असतो. कढईतला गरम खवा त्यानं कागदावर काढून दिला, वर साखर भुरभुरली. या गावात येऊन तो खाल्ला नाहीत तर तुमचं तुम्ही बघा.

मग मैदान. मैदान म्हणजे गावाला लागून असलेला शेताचा एक चौकोनी तुकडा, दोन टोकांना दोन लाकडी खांब. कडेला कडुलिंबाच्या झाडाखाली बाजेवर एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते. हे अण्णा. गावातले मोठे शेतकरी, आणि हा तुकडा त्यांचा. आठ वर्षांपूर्वी शैलानं 'एवढा हंगाम वापरू द्या' म्हणून मागितला, तो अजून मुलींकडेच आहे.

"बसा ताई," अण्णा म्हणाले. "पुण्याच्या नव्हं? खो-खो येतो का?"

"शाळेत असताना खेळायचे. मला कुणी खो देत नसे."

"शहाणी पोरं व्हती म्हणायची," अण्णा म्हणाले आणि बाजेवर सरकून त्यांनी मला जागा दिली.

पैजेची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. त्यांचा मुलगा गणेश तीन वर्षं मागं लागलाय की हा तुकडा मोकळा करा, सोयाबीन लावू. घरात रोज तेच. शेवटी साखळी सामने सुरू व्हायच्या आधी अण्णांनी हॉटेलात, चार लोकांसमोर शब्द दिला. पोरी शेवटच्या चार संघांत आल्या तर मैदान कायमचं पोरींचं. नाही आल्या, तर पाडव्याला नांगर घालणार.

"असं कसं बोललात तुम्ही?" मी म्हटलं. "आठ वर्षं दिलंत की."

"घरात रोज कटकट, ताई. म्हणलं, ह्याचा निकाल पोरींनीच लावावा. तवा वाटलं न्हाय की पोरी हितवर येत्याल." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मैदानात कर्णधार दीपाली खांबावर सूर मारत होती, तिच्याकडे बघत होते. आठांतून चारांत जायला एकच सामना जिंकायचा होता. रविवारचा.

पाडव्याची गोष्ट शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवी. इथं शेतीचं नवं साल पाडव्याला सुरू होतं. त्या दिवशी जिथं औत शिरलं, ती जमीन त्या सालाची पिकाची. म्हणून पैज लागल्यापासून मैदानाच्या आसपास कुणी नांगराचं नाव काढत नाही. गंमत म्हणजे त्या मैदानाला खणण्याची फार गरज आहे. आठ वर्षं पाय पडून पडून काळी माती फरशीसारखी झालीय. दीपालीनं मला तिची कोपरं दाखवली, दोन्ही सोललेली.

"खणून का नाही घेत?" मी विचारलं.

शैलानं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "इथं नको बोलूस."

दुसरी अडचण मॅटची. साखळी सामने मातीवर झाले, पण बाद फेरी धाराशिवला मोठ्या हॉलमध्ये, मॅटवर. ईटच्या मुलींनी मॅट कधी पायाखाली घेतलेलं नाही. मग गावानं डोकं चालवलं. मंडपवाल्याकडची हिरवी जाजमं आणून मैदानात अंथरली, कडेनं खिळे ठोकले आणि त्यावर सराव. फक्त लग्नसराई असल्यामुळे जाजमं मध्येच उठून लग्नाला जायची. मी पोचले त्या संध्याकाळी ती नुकतीच एका लग्नाहून परत आली होती, आणि त्यांच्यावर जिलबीचे डाग होते. दीपाली एका डागावरून घसरली तशी अण्णा उभेच राहिले.

"लागलं का गं?"

"न्हाय अण्णा. ग्वाड लागलं."

रात्री शैलाकडे भाकरी, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची येसर आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर आमटी पुण्यात कुणी मला करून घातली तर मी त्याच्या दातांची फुकट तपासणी करून देईन. डॉक्टरांना न विचारता.

शनिवार: तेरखेडा, धाराशिव, तुळजापूर

मुलींना घेऊन शैला सकाळच्या एसटीनं गेली. मी अण्णांच्या क्रूझरमध्ये. गणेश चालवत होता, मागं गावातली आठ-नऊ माणसं, आणि अण्णांच्या मांडीवर पत्र्याचा एक डबा. मला वाटलं, दुपारची शिदोरी. मी दोनदा आशेनं त्याच्याकडे बघितलंही.

"ही माती हाय," अण्णांनी सांगितलं. "आपल्या मैदानाची. पोरी भाईर खेळायला गेल्या की दोनी खांबांच्या बुडाला चिमूट-चिमूट टाकायची. पयल्या सामन्यापासनं टाकतो."

रस्ता पारगावला मोठ्या महामार्गाला लागतो आणि मग गाडी पळते. तेरखेडा आलं की दुतर्फा फटाक्यांची दुकानं. हे गाव फटाक्यांचंच. तुम्ही या रस्त्यानं मार्चमध्ये गेलात तरी दिवाळी भेटते. गणेशनं गाडी थांबवली, उतरला आणि हातात मोठी माळ घेऊन आला.

अण्णा भडकले. "आरं, सामना व्हायच्या आदी? येडा हायस का?"

"परत येताना दुकान बंद असलं मंजी?"

मी गणेशला हळूच विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं? ह्या हरल्या तर सोयाबीन तुमचं."

त्यानं माळ सीटखाली सरकवली. "मी सोयाबीनच्याच बाजूनं हाय की. पण गाव तर ईटच हाय ना, ताई."

मागच्या माणसांचं एकच चाललेलं. समोरचा संघ धाराशिव शहरातला, रोज मॅटवर खेळणारा. पण दीपालीचा सूर जिल्ह्यात कुणाला नाही. पण त्यांची उंच पोरगी लई चपळ. पण आपल्या पोरींचा दम मोठा, त्या दूध पितात. ही चर्चा येडशीपर्यंत पुरली आणि येडशीला वडापाव खाताना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. 'जिंकणार' हा शब्द कुणीच उच्चारत नव्हतं. 'खेळून येतील' म्हणत होते. मी एकदा चुकून 'जिंकणारच' म्हणाले तर मागच्या काकांनी हात जोडून छताकडे बघितलं.

धाराशिवला मुलींची सोय बघून आम्ही तुळजापूरला गेलो. तासाभराच्या आतलंच अंतर आहे, गाड्या सतत मिळतात. एक सल्ला, शनिवार-रविवार सोडून जा. सोलापूरकडून येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते आणि रांग चांगलीच लांबते. लॉज मंदिराजवळ पुष्कळ आहेत. खोली आधी बघा, गरम पाणी कधी येतं ते विचारा, आणि मग बॅग खाली ठेवा. पायऱ्या उतरताना चपला कुठल्या दुकानात ठेवल्या ते लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, आणि अर्धा तास पाय भाजत फिरले.

दर्शन झालं. गाभाऱ्यातून लोटत बाहेर आल्यावर मी अण्णांना विचारलं, "काय मागितलंत?"

"काय न्हाय."

"म्हणजे?"

"म्या शब्द दिलेला माणूस. पंचानंच देवीपुढं एका बाजूनं मागणं बरं दिसतं व्हय?" त्यांनी टोपी काढून परत घातली. "तुम्ही मागितलं का?"

मी गर्दीत जरा गोंधळले होते, मी माझ्या गुडघ्यासाठी मागितलं होतं. तसं सांगितलं.

अण्णांचा चेहरा उतरला. "मग जावा की परत. रांग कमी झालीय आता."

रांग मुळीच कमी झाली नव्हती. पण मी गेले. पुण्याहून आलेली, खो-खोतलं ओ की ठो न कळणारी बाई तुळजाभवानीपुढं दुसऱ्यांदा उभी राहिली आणि ईटच्या पोरींना शेवटच्या चारांत ने म्हणाली. बाहेर आले तर अण्णा माझ्या चपला शोधून, हातात घेऊन उभे होते.

रविवार: मॅट

सकाळी हॉलमध्ये शिरताना शैलानं तिच्या गार हातानं माझा हात धरला. "मला हरल्याचं एवढं वाईट नाही वाटणार," ती म्हणाली. "पण दुसरीकडे जागा नाही गं. शाळेचं पटांगण एवढंसं. संध्याकाळी पोरी घराबाहेर पडतात त्या ह्या मैदानामुळे. ते गेलं की संघ गेला." इतक्या वर्षांत शैला माझ्याशी या सुरात कधी बोललेली नाही. मी तिचा हात चोळत बसले, दुसरं काय करणार.

मॅट निळं, गुळगुळीत. मुली त्यावर उड्या मारून बघत होत्या. आणि मग झाला घोटाळा. अण्णा डबा घेऊन थेट खांबापाशी गेले, चिमूटभर माती काढली आणि रीतीप्रमाणं बुडाला टाकली. दुसऱ्या खांबाकडं निघाले तोवर पंच धावत आले.

"काका! काका, मॅटवर माती? पोरी घसरून पडतील!"

"साहेब, चिमूटभर तर हाय."

"उचला आधी ते."

एक माणूस झाडू घेऊन आला, मग ओलं फडकं. धाराशिवच्या प्रेक्षकांत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "शेत करताय का, अण्णा?" ईटचा प्रत्येक माणूस खाली बघत होता. अण्णा डबा छातीशी धरून आमच्या बाकावर येऊन बसले, आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

खेळ सोपा आहे, एवढंच ध्यानात ठेवा. एका संघाच्या आठ जणी ओळीनं बसतात, एक पाठलाग करते आणि बसलेलीला पाठीवर थाप देऊन 'खो' म्हणते, मग ती उठून पळते. दुसऱ्या संघाच्या तिघीतिघी आत येऊन पकडीपासून वाचतात. जितक्या बाद, तितके गुण. दोन डाव होतात. नाणेफेक धाराशिवनं जिंकली आणि पाठलाग घेतला.

ईटच्या मुली भराभर बाद झाल्या. मला कळत नसलं तरी एवढं दिसत होतं की काहीतरी बिनसलंय. पाठलाग करणारी मागून यायची आणि आमच्या मुलीला ती अंगावर येईपर्यंत पत्ताच नसायचा. मग ईटचा पाठलाग झाला, दीपालीनं दोन सूर मारले, हॉल दणाणला. तरी मध्यंतराला आम्ही पाच गुणांनी मागं.

दीपाली पाणी प्यायला कठड्याशी आली. तोंड लाल, श्वास लागलेला. "अण्णा, मागनं पाय ऐकूच येईनात. आपल्या मातीवर धपधप कळतं कुठनं आली ती. हितं कायबी न्हाय. बहिऱ्यावानी पळायलोय आमी."

ती गेली. अण्णा थोडा वेळ डब्याकडे बघत बसले. मग त्यांनी झाकण घट्ट दाबून बसवलं.

दुसरा डाव सुरू झाला. धाराशिवची ती उंच मुलगी पाठलागाला निघाली आणि अण्णांनी डब्यावर हात मारला. तिच्या एका पावलाला एक. धप. धप. ती जवळ आली की जोरात, लांब गेली की हळू. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, म्हातारा रागानं बडवतोय. गणेशला आधी कळलं. तो उठला आणि अण्णांच्या हाताबरोबर बाकाच्या फळीवर पाय आपटायला लागला. मग मागचे काका. मग सगळी क्रूझर. मग मी. गुडघ्याचं गाऱ्हाणं देवीनं ऐकलं असणार, कारण मी एवढे पाय आयुष्यात आपटले नव्हते.

पंच परत आले. "काका, बाहेरून मार्गदर्शन चालत नाही."

"मार्गदर्शन कुठलं, साहेब? मला काय कळतंय त्यातलं?" अण्णा हात न थांबवता म्हणाले. "आमी आपलं आनंदानं वाजवायलोय."

पंचांनी धाराशिवच्या प्रेक्षकांकडे बघितलं. तेही आता पाय आपटत होते, आमचा आवाज बुडवायला. पंच हसले आणि गेले. त्या डावात आमच्या पहिल्या तिघीच निम्म्याहून अधिक वेळ टिकल्या. डब्याचा उपयोग झाला, की पोरींना मॅटच कळलं, हे मला खरोखर माहीत नाही. शैला म्हणते मॅट कळलं. ईटमध्ये असं म्हणून बघा तुम्ही.

शेवटचा पाठलाग ईटचा. एक एक गुण भरून निघत गेला. आम्ही सगळे उभे. शेवटी बरोबरीला एकच गुण हवा होता, तो झाला असता तर जादा डाव मिळाला असता. ती उंच मुलगी खांबाजवळून वळत होती आणि दीपालीनं सूर मारला. असा सूर की मी डोळे मिटले. हात लागलेला मी बघितला नाही, आवाजावरून कळलं. अख्खं ईट उसळलं.

पण वेळ संपल्याची शिट्टीही झाली होती. दोन पंच एकमेकांशी बोलायला लागले. गणेश ओरडत होता, "हात आदी, हात आदी!" दीपाली मॅटवरून उठली, कोपर झाडलं आणि पंचांकडे गेली.

"सर, शिट्टी आदी झाली," ती म्हणाली. "म्या ऐकली."

एका गुणानं हरलो.

बाहेर झाडाखाली मुली वर्तुळ करून बसल्या. काही रडत होत्या. गणेशनं क्रूझरमधून एक पाटी काढली, ओल्या फडक्यानं झाकलेली. पहाटेच्या गाडीनं गावाकडून आलेले पेढे. त्याच्याच म्हशींचं दूध, शुक्रवारी भट्टीवर उभं राहून त्यानंच खवा करून घेतलेला. कुणीच हात लावेना. मग दीपालीनं नाक पुसलं आणि एक पेढा उचलला.

"काय बघायल्यात? हरल्यावरबी भूक लागतीच की."

पाटी पाच मिनिटांत रिकामी झाली. धाराशिवच्या मुलीही आल्या, त्या उंच मुलीनं तर तीन खाल्ले.

गणेश अण्णांजवळ जाऊन उभा राहिला. "अण्णा, ऱ्हाऊ द्या आता. सोयाबीनचं बघू कुठंतरी."

"चार लोकांत बोललोय," अण्णा म्हणाले. "पाडव्याला नांगर म्हणजे नांगर." आणि डबा घेऊन गाडीत जाऊन बसले. मला त्यांचा राग आला, अगदी खरा राग. शब्दाला एवढं चिकटून बसायचं काय अडलंय? पण पाहुण्या बाईनं बोलावं असा तो प्रसंग नव्हता. त्यांनी मला बसस्टँडवर सोडलं, पिशवीत अर्धा किलो खवा घातला आणि 'सावकाश जावा' म्हणाले. फटाक्यांची माळ सीटखाली तशीच होती.

घरी

सोमवारी दवाखान्यात माझा आवाज नव्हता. पेशंटना मी खुणेनं 'बसा' म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, देवीला गेला होतात ना, एवढं काय ओरडलात? मी खुणेनंच सांगितलं, कपाळ माझं.

ट्रिपचा जमाखर्च मांडायचा तर तुळजापूरचं प्रसादाचं कुंकू आहे, खवा दोन दिवसांत संपला, गुडघा ठीक आहे. आणि एक खंत राहिली. देवीपुढं मी रांगेत दोनदा उभी राहिले, आणि दुसऱ्यांदाचं मागणं फुकट गेलं.

पाडव्याला गुढी उभारली आणि शैलाचा फोटो आला. मैदानात ट्रॅक्टर, मागं नांगर, गणेश चालवतोय. खांब उपटून लिंबाच्या बुंध्याला टेकवलेले. काळी ढेकळं निघालेली. फोटोखाली शैलानं काही लिहिलं नव्हतं. मी फोन केला, तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. श्रीखंड घशाखाली उतरेना, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते, कारण श्रीखंडाच्या बाबतीत माझं असं कधी होत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात संध्याकाळी तिचाच फोन. व्हिडिओ कॉल. मी घाबरतच उचलला, तर पडद्यावर अण्णांची टोपी आणि अर्धं कपाळ.

"ताई, ऐकू येतंय का?"

"येतंय अण्णा. तुम्ही नांगर घातलात." माझ्या आवाजात जे होतं ते त्यांना समजलं असणार.

"घातला की. शब्द दिलता."

"मग आता सोयाबीन?"

"सोयाबीनचं म्या कदी म्हणलो व्हतो? नांगराचं म्हणलो व्हतो. औत शिरलं की पीक घ्यायचं, तर आपलं पीक ह्या पोरी. नांगर घातला, ढेकळं फोडली, गणेशनं फळी मारून भुई सपाट केली, पाणी शिंपडलं. आठ वरसं झाली, भुई दगड झालती. पोरींची कोपरं बगितली न्हाईत का तुम्ही? पैज लागल्यापासनं कोण नांगर लावू देईना. मग म्हणलं, पाडव्याला लावतो म्हणलोच हाय, तर लावू."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"न्हाय वो. गाडीत बसल्यावर सुचलं. येडशीच्या आसपास." मग घाईनं, "पण कुणाला बोललो न्हाय. गणेशला पन न्हाय. त्यो ट्रॅक्टरवर चढताना रडायला लागला, तवा सांगितलं. शैलाबाईस्नी तर ढेकळं फोडल्यावरच कळलं."

मागं फटाक्यांची माळ तडतडली. तेरखेड्याची. कुणीतरी हसलं, शैलाचा आवाज आला, "अण्णा, फोन उलटा धरलाय तुम्ही!"

अण्णांनी फोन फिरवला. आधी लिंबाचं झाड, मग आभाळ, मग मैदान. खांब परत उभे. माती काळी, ओली, सपाट. दीपाली खांबाकडे धावत गेली, सूर मारला, मातीत लोळली आणि हसत उठली. दुसरी पळायला लागली, तिच्यामागं तिसरी. अण्णा म्हणत होते, पुढच्या साली मॅट आलं तरी डबा हायच, आणि तुम्ही यायचं, तुमचा पाय जोरात पडतो.

मी गॅस बंद केला, फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि कानाला लावला. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, मातीवरची पावलं स्पष्ट ऐकू येत होती.